दोन डाव्या बाह्या

पाहुणीने लोखंडी जिन्याच्या कठड्याला एक हात गुंडाळला आणि दुसऱ्या हातातला फोन जमेल तितका पुढे धरला. फोनच्या पडद्यावर अर्धा आईचा चेहरा होता आणि अर्धं शिलाई मशीन.

"दिसतंय का गं आई?"

"दिसतंय. तू हलवू नकोस तेवढं. अगं, हे तर मोठ्ठं घड्याळच आहे की!"

आईचं अगदीच चुकत नव्हतं. माणसाच्या उंचीचं ॲल्युमिनियमचं गोल कडं, त्यावर घड्याळातल्या आकड्यांसारखे बसवलेले आठ डिटेक्टर, आणि प्रत्येकाशेजारी पांढऱ्या पट्टीवर काळ्या शाईत नंबर. अशी दोन कडी चार पावलांच्या अंतराने एकामागे एक उभी होती. दोन्हींच्या मधून एक सरळसोट नळी गेली होती. नळीतून कणांचा झोत, म्हणजे बीम, यायचा, कड्यांच्या अलीकडे ठेवलेल्या पातळ पत्र्यावर आदळायचा, आणि तिथल्या अणुगर्भांमधून जे कण उडायचे ते ही कडी मोजायची. प्रश्न एका ओळीत मावणारा होता: कण डावीकडे जास्त उडतात की उजवीकडे? तेवढ्यासाठी चार देशांतली माणसं सहा वर्षं झटत होती. पाहुणीने आईला हे निदान दहादा समजावलं होतं आणि दर वेळी आईने एकच विचारलं होतं, "आणि कळलं म्हणजे काय होईल?" पाहुणीला याचं बरंसं उत्तर अजून सापडलं नव्हतं.

तिला इथे सगळेच पाहुणी म्हणत. दोन वर्षांपूर्वी ती आली ती मागच्या कड्याच्या खोक्यांबरोबर, जवळजवळ सामानातूनच. मागचं कडं तिच्या देशात, तिच्या सरांच्या प्रयोगशाळेत तयार झालं होतं, आणि ते इथे जोडून देता देता तिने काम शिकावं म्हणून तिला दोन वर्षांची नेमणूक मिळाली होती. मशीनघराच्या दारात मामा उभे होते. मामा म्हणजे इथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, इथली एकूण एक तार त्यांच्या हातून गेलेली. "या पाहुणी," ते म्हणाले, आणि ते नाव तिला जे चिकटलं ते चिकटलंच. या महिन्याअखेर दोन वर्षं संपत होती. पुढे तीन वर्षांची एक जागा निघणार होती. गटप्रमुख बाईंना तिने धीर करून विचारलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "आधी पाकीट उघडू दे."

पाकीट आज सकाळी दहाला उघडायचं होतं. माणूस आपल्याला हवं तेच उत्तर शोधत बसतो, स्वतःच्याही नकळत, म्हणून या गटात एक पद्धत होती. प्रयोग संपला की प्रत्येक कड्याच्या मोजणीत एकेक गुप्त आकडा मिसळून टाकायचा. ते दोन आकडे बंद पाकिटात, पाकीट कुलपात. हिशेबाची सगळी तपासणी व्हायची ती या गढूळ आकड्यांवर, आणि खरं उत्तर कुणालाच माहीत नसायचं. सगळ्यांचं समाधान झालं की पाकीट उघडायचं. एकदा उघडलं की मग काहीही बदलायचं नाही, जो आकडा निघेल तो गळ्यात.

"आता तुझं कडं दाखव ना," आई म्हणाली. "पुढचं झालं बघून. एक वर, मग दोन, तीन, उजवीकडून खाली उतरत चाललेत. नीटनेटकं आहे."

पाहुणी जिना उतरली, नळीखालून वाकून पलीकडे गेली आणि मागच्या कड्याच्या पाठीशी उभी राहिली. इथून तिला नेहमीच बरं वाटायचं. या बाजूचा प्रत्येक स्क्रू तिच्या ओळखीचा होता.

"हे माझं. यावरच्या पट्ट्या मी स्वतःच्या हाताने लावल्यात."

"अक्षर तुझंच. एक वर. दोन, तीन... हेही उजवीकडून खाली." आई थांबली. ओठांत धरलेली टाचणी तिने काढून उशीला खोचली. "दोन्ही कडी एकाच दिशेला तोंड करून उभी आहेत ना?"

"हो. बीमकडे."

"आणि मघाशी तू समोर उभी होतीस. आता पाठीमागे आहेस."

"हो."

"मग दोन्हीकडून सारखंच कसं दिसेल गं? दोन डाव्या बाह्या कापल्यास की काय?" आई हसली. "का तुमच्यात तसंच असतं?"

पाहुणीने पट्ट्यांकडे पाहिलं. मग मान वाकडी करून, नळीशेजारच्या फटीतून, पुढच्या कड्यावरच्या पट्ट्यांकडे. तिचा फोनचा हात हळूहळू खाली गेला.

"अगं, आता फरशी दिसतेय," फोनमधून आई म्हणाली.

"आई, मी मागाहून करते फोन."

शिवणाऱ्यांच्या घरात डावी म्हणजे घालणाऱ्याची डावी, बघणाऱ्याची नव्हे. हे पाहुणीला पाढ्यांच्या आधी येत होतं. तरीही बारा वर्षांची असताना तिने एका गिऱ्हाइकाच्या ड्रेसच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या. कागदी नमुना एकदा उलटायचा असतो, तो उलटलाच नव्हता. बहिणीच्या लग्नासाठीचा ड्रेस, आणि तसलं कापड पुन्हा मिळण्यासारखं नव्हतं. "माझ्या हातून चुकलं," आईने गिऱ्हाइकाला सांगितलं आणि मुकाट्याने बोलणी खाल्ली. त्या वेळी पाहुणी कपडे बदलायच्या खोलीच्या पडद्यामागे श्वास रोखून उभी होती. पुढे आईने तो विषय कधीच काढला नाही. पाहुणीनेही नाही. पण हिरव्या ठिपक्यांचा तो पडदा तिला अजून आठवायचा, आणि आठवला की कान गरम व्हायचे.

मागच्या कड्याच्या पट्ट्या कशा लावल्या तेही तिला लख्ख आठवलं. डिटेक्टरांच्या तोंडावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा होता, त्याला बोट लागलं तरी संपलं. म्हणून कडं पालथं, स्पंजवर तोंड खाली करून ठेवलं होतं. सर शेजारी उभे राहून कागदावरून नंबर वाचत होते आणि ती पाठीमागून पट्ट्या चिकटवत होती. एक, दोन, तीन, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. मग सरांनी पुन्हा एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि तक्त्यावर 'तपासले' लिहून सही केली. दोघांनाही कोण आनंद झाला होता. पालथ्या कड्यावर लावलेले नंबर कडं उभं केलं की समोरून उलटे जातील, हे त्या आनंदात कुणाच्याच डोक्यात आलं नाही. इथे मामांनी पट्टीवर सात दिसलं तिथे साताची तार जोडली. त्यांनी दुसरं करायचं तरी काय?

म्हणजे सहा महिने पुढचं कडं ज्याला डावं म्हणत होतं त्याला मागचं कडं उजवं म्हणत होतं. दोघांची बेरीज केली की डावं-उजवं एकमेकांना खाऊन टाकणार. उत्तर येणार शून्य.

सव्वानऊ झाले होते. ती तिथेच अवजारांच्या कपाटापाशी उभी राहिली आणि तिच्या मनात नको तो विचार येऊन गेला. शून्य हेही उत्तरच असतं. दोन कड्यांचं एकमेकांशी पटलं नाही तरी पाकीट उघडल्यावर काही बदलायचं नसतं, आणि शून्याला कुणी जाब विचारत नाही. माणसं हात मिळवतील, लेख लिहितील, कडी सुटी करून खोक्यांत जातील. चूक कुठे झाली ते कुणाला कधीच कळणार नाही. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती जवळजवळ पळतच वर गेली.

वर सभेच्या खोलीत बाई स्वतःच खुर्च्या मांडत होत्या. त्या साठीच्या जवळच्या, बुटक्या, आणि बोलायच्या कमी. पाहुणीने एका दमात सगळं सांगितलं. बाईंनी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"कितपत खात्री आहे?"

"मला नव्वद टक्के. आईला शंभर."

"आई कुठल्या विषयातल्या?"

"शिवणकामातल्या."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग तपासायलाच हवं," त्या म्हणाल्या.

दहा वाजता खोली भरली. सगळ्यात पुढे लंबू बसला होता. हा पीएच.डी.चा मुलगा, सहा फूट तीन इंच, आज चक्क इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. पाकीट उघडायचा मान त्याचा होता. तोही एका पद्धतीमुळेच. कॉफीच्या मशीनशेजारी सुतळीने बांधलेली एक जाडजूड वही टांगलेली असायची, तिला चुकांची वही म्हणत. ज्याने चूक केली त्याने ती स्वतः लिहायची आणि खाली सही करायची. पहिली नोंद खुद्द बाईंची होती, एकतीस वर्षांपूर्वीची: 'झडप बंद असताना सहा दिवस मोजणी केली व काहीतरी सापडले असे वाटून गावभर लोकांना फोन केले.' मामांच्या अकरा नोंदी होत्या आणि त्या ते पदकांसारख्या मिरवायचे. वहीत नाव आलं की माणूस शिकला असं इथे धरत, आणि पाकीट उघडायचं ते वहीतल्या सगळ्यात नव्या नावाने. लंबूने मार्चमध्ये निर्वात नळीत पेन्सिल विसरून दोन दिवस पंप फुकट चालवला होता. गेला आठवडाभर तो रिकामी पाकिटं फाडून सराव करत होता.

"आज पाकीट उघडायचं नाही," बाई म्हणाल्या. "मागच्या कड्याच्या नंबरांबद्दल शंका आहे. दुपारी तपासू. ज्यांची विमानं आहेत त्यांनी कृपा करून पुढे ढकलावीत."

खोलीत कुजबुज झाली. पाहुणीने तिसऱ्या रांगेत बसलेल्या सरांकडे पाहिलं. सर कालच तिच्या देशातून आले होते, नव्या सुटात, सोबत भेट द्यायला मागच्या कड्याचा चौकटीतला फोटो घेऊन. त्यांचा चेहरा पार पडला होता. त्यांनी फोटो हळूच उलटा करून मांडीवर ठेवला.

तपासणी साधी होती, इतकी साधी की आधी केली नव्हती याचं सगळ्यांनाच हसू यावं. शर्टाच्या बटणाएवढा किरणोत्सारी स्रोत मामांनी नोंदवहीत सही करून कुलपातून काढला. इतके दिवस तो नेहमी मधोमध ठेवला जायचा, आठही डिटेक्टरांना सारखा दिसावा म्हणून. सगळ्यांना सारखा दिसत असताना कोण डावा नि कोण उजवा हे कळणार कसं? आज तो एका बाजूला न्यायचा होता.

पाहुणीने लांब चिमट्यात बटण धरलं. मामा तिच्यामागे घड्याळ घेऊन उभे राहिले. लंबू वर मोजणीच्या खोलीत, ध्वनिक्षेपकावर.

"मधोमध," पाहुणी म्हणाली.

"सगळे सारखे," लंबूचा आवाज आला.

तिने बीम येतो त्या बाजूला पाठ केली, म्हणजे बीम जिकडे जातो तिकडे तोंड. मग चिमटा डावीकडे सरकवला. चिमटा हलू नये म्हणून तिने कोपर पोटाशी धरलं.

"पुढचं सात वाढलं. चांगलं वाढलं."

"बरोबर. डावं. आणि मागचं?"

ध्वनिक्षेपकात नुसती खरखर. मग लंबू, एकदम हळू: "मागचं तीन."

तीन म्हणजे उजवं. मामांनी घड्याळ बंद केलं.

"तुझ्या आईला आमच्याकडे नोकरी देतील का विचार," ते म्हणाले.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. संगणकातल्या यादीत दोन आणि आठ, तीन आणि सात, चार आणि सहा यांच्या जागा बदलायच्या. पाकीट बंद होतं तोवर ते चालणार होतं. बाईंनी दुसऱ्या दोघांकडून ती तपासून घेतली आणि उद्या सकाळी नऊला सगळ्यांना बोलावलं. पाहुणीचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण जिन्याच्या वळणावर सर उभे होते.

सरांनीच तिला सोल्डर धरायला शिकवलं होतं. पहिल्या दिवशी तिचा हात भाजला तेव्हा नळाखाली धरून ठेवणारेही तेच. सर तिला रागावले असते तर बरं झालं असतं.

"मामा सांगत होते," सर म्हणाले, "त्यांच्या वहीत एक नियम आहे. पाहुण्याची चूक घरच्या माणसाने आपल्या नावावर लिहायची."

"हो सर. पहिल्याच पानावर आहे."

"मग लिहू दे की त्यांना. नियम आपण केलेला नाही."

पाहुणीने नाही म्हणून मान हलवली.

"ती यादी अहवालाच्या शेवटी छापतात. चारही देशांत जाते." सरांनी कोटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं. "आठ वर्षं मी लोकांच्या दारात उभा राहिलो. आमच्याकडची मुलंसुद्धा असं कडं बनवू शकतात, हे पटवून द्यायला. पहिलंच कडं, आणि त्याच्यावर हे? पुढच्या वेळी देतील आपल्याला? तुलाही इथली जागा हवी आहे ना?"

"हवी आहे, सर. फार हवी आहे."

"मग?"

"तुमचं नाव कुठेही येणार नाही, सर. मी फक्त माझं लिहीन."

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते खिडकीकडे वळले. बाहेर गाड्या उभ्या करायच्या जागेत दोन माणसं एक खोकं उचलायचा प्रयत्न करत होती.

कॉफीच्या मशीनपाशी ती पोचली तेव्हा मामांनी वही उघडली होती. पेन टोपण काढून तयार, आणि नव्या ओळीवर त्यांच्या नावाची पहिली दोन अक्षरं लिहूनही झाली होती. भोवती चारपाच जण कॉफी घेत उभे होते. बाई कठड्याला टेकून होत्या.

"मामा, ही माझी आहे," पाहुणी म्हणाली.

"असू दे गं. पाहुण्याने कप फोडला तर आपण काय म्हणतो? राहू दे, जुनाच होता." मामांनी हात हलवला. "माझी बारावी. डझन होईल."

"कप नाही हा, मामा."

"नियम आहे."

"मग मी पाहुणी नाही." ती हे जरा जोरातच बोलली. मग तिलाच अवघडल्यासारखं झालं, पण थांबणं शक्य नव्हतं. "मी बारा वर्षांची असताना माझी चूक आईने स्वतःवर घेतली. मी पडद्यामागे उभी होते. बाहेर आले नाही. आईला त्याचं काही वाटलं नसेल. मला अजून वाटतं. द्या ना ते पेन."

मामांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी कॉफीचा घोट घेतला. तेवढ्यानेच मामांना काय कळायचं ते कळलं. त्यांनी आपली दोन अक्षरं एका रेघेने खोडली आणि पेन तिच्या हातात दिलं.

तिने लिहिलं: 'मागचे कडे पालथे असताना त्याच्या पट्ट्या पाठीमागून बघून लावल्या. दोन व आठ, तीन व सात, चार व सहा यांची अदलाबदल झाली. आईच्या लक्षात आले.' खाली सही. सही करताना तिचं अक्षर थोडं वाकडं आलं, पण आलं.

ती वही मिटणार तोच तिच्या खांद्यावरून सुटाची एक बाही पुढे आली.

"थांब," सर म्हणाले. त्यांनी खिशातून स्वतःचं शाईपेन काढलं होतं. "तक्त्यावर 'तपासले' म्हणून सही कुणाची आहे?"

"सर, तुम्ही नाही लिहिलं तरी..."

"कुणाची आहे?"

"तुमची."

सरांनी वही आपल्याकडे ओढली. ते सावकाश लिहीत होते, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं प्रत्येक अक्षर सुटं. 'तपासताना मीही पाठीमागेच उभा होतो.' मग पूर्ण नाव, हुद्दा, संस्थेचं नाव, देशाचं नाव. काहीच गाळलं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी शाईवर फुंकर मारली.

"अहवालात छापून येऊ दे," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "आम्ही काय करतो ते लोकांना कळायचं असेल तर हेही कळायला हवं."

पाहुणीला रडू आलं. ते लपवायला तिने वहीची सुतळी फारच निगुतीने बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसली होती. लंबूचा शर्ट मात्र कालचाच होता, आणि दुसऱ्या दिवशीचा इस्त्रीचा शर्ट जसा दिसतो तसा दिसत होता. बाईंनी कुलपातून पाकीट काढलं. लंबू उठला, पाकीट हातात घेतलं, आणि एक मोठा सुस्कारा सोडून पाहुणीकडे चालत आला.

"घे बाई. आठवडाभराचा सराव पाण्यात. सगळ्यात नवीन नाव तुझं."

पाहुणी उभी राहिली. तिला हात पुढे करायचा होता, पण मामा मागून ओरडले, "वही नीट बघा की रे! तिच्या खाली कोण आहे?"

सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या. सरांनी आधी आपल्या मागे कुणी आहे का ते पाहिलं.

"मी? अहो, माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत."

"वहीत तुम्ही कालचे," मामा म्हणाले. "सगळ्यात लहान."

हशा पिकला. सर पुढे आले. लंबूने दोन्ही हातांनी पाकीट त्यांना दिलं आणि कडेने फाडायचं, मधून नाही, हेही शिकवलं. पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर बसलेल्या मुलासारखी सरांनी मान डोलावली. आतून घडी केलेला कागद निघाला. त्यांनी पहिला आकडा वाचला, घसा खाकरला, दुसरा वाचला. लंबू संगणकाशी जाऊन बसला होता. त्याने दोन्ही आकडे टंकले, पुन्हा एकदा सरांकडून वाचून घेतले, आणि बाईंकडे बघितलं.

"दाब," बाई म्हणाल्या.

भिंतीवरच्या पडद्यावर मधोमध शून्याची उभी रेघ होती. दोन ठिपके, एक पुढच्या कड्याचा आणि एक मागच्या कड्याचा, आतापर्यंत पडद्याच्या दोन टोकांना भरकटलेले होते. आता ते सरकले. दोन्ही रेघेच्या डाव्या अंगाला, जवळजवळ एकाखाली एक, येऊन थांबले. फार दूर नाही. पण दोन्हींच्या आडव्या मिश्या, म्हणजे मोजणी किती इकडेतिकडे असू शकते ते दाखवणाऱ्या रेघा, शून्याच्या रेघेला कुठे शिवत नव्हत्या, म्हणजे हे नुसतं नशीब नव्हतं.

मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. सर हातातला कागद तसाच धरून पडद्याकडे बघत होते आणि त्यांचा चष्मा धुकटला होता.

"डावीकडे," लंबू शेवटी म्हणाला. "डावीकडे जास्त उडतात."

"डावीकडे म्हणजे?" मामांनी हात वर केला. "कुणाच्या?"

खोली पुन्हा हसली, या वेळी मनापासून, सहा वर्षांचं साठलेलं हसू बाहेर पडावं तसं. पाहुणीही हसत होती, पण उत्तर द्यायला ती उभी राहिली.

"बीमच्या, मामा. ज्याच्या अंगावर कपडा, त्याच्या."

बाईंनी पुढ्यातल्या कागदावर काहीतरी टिपलं. मग मान वर न करताच हाक मारली.

"पुढच्या वर्षी तिसरं कडं येतंय. त्याच्या पट्ट्या तू लाव. समोरून."

हाक तिच्या खऱ्या नावाने मारलेली होती. दोन वर्षांत ते नाव इथे कुणी घेतलं नव्हतं, त्यामुळे बाई कुणाशी बोलतायत हे तिला चटकन कळलंच नाही, आणि लंबूने कोपराने ढोसल्यावर ती गडबडीने "हो" म्हणाली.